आत्याचा वाटा

आमच्या घरात शेअर बाजाराचा इतिहास शिरला तो सुक्या मासळीच्या वाटेनं. माझी आत्या अलिबागच्या बाजारात बसून बोंबील, जवळा आणि वाकट्या विकायची, आणि गिऱ्हाइकाला पुडी बांधून द्यायला तिला रद्दी लागायची. ती रद्दी यायची भानूशेठकडून. भानूशेठ हा आमच्या कोळीवाड्याच्या तोंडाशी नारळ, सुतळी, रॉकेल आणि खारी बिस्किटं विकणारा गुजराती म्हातारा. तरुणपणी तो मुंबईत एका शेअर दलालाकडे निरोप पोचवायच्या कामाला होता. पुढे तब्येतीनं दगा दिला म्हणून सासऱ्याचं हे दुकान सांभाळायला आमच्याकडे आला, पण बाजार काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही. रेवसच्या लाँचनं मुंबईचा पेपर आला की दुकान बायकोच्या हवाली करून तो भावांच्या पानात तोंड खुपसायचा. वाचून झालेला पेपर गठ्ठ्यात जायचा, गठ्ठा आमच्या पडवीत यायचा, आणि मी, मॅट्रिक होऊन घरी बसलेली घोडी, त्याचे पुड्यांच्या मापाचे तुकडे करायची. फाडता फाडता वाचायची. दुसरं वाचायला घरात होतं तरी काय? देवाच्या आरत्या आणि औषधाच्या बाटल्या.

घरात आम्ही तिघंच. आई मी लहान असतानाच गेली. आत्याचा नवरा काविळीनं गेला, तशी ती माहेरी परतली आणि तिनंच मला वाढवलं. ती बाबांहून मोठी. ती त्यांना 'काशा' म्हणे, ते तिला 'बाय' म्हणत आणि तिच्यासमोर कधी आवाज चढवत नसत. घर खाडीकडे तोंड करून. दारासमोर बांबूच्या वलांडी, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. वाळून कडक झाले की वाऱ्यावर त्यांची बारीक खसखस चालायची. पाहुण्यांना वास यायचा, आम्हाला नाही. सकाळी चुलीवर तांदळाची भाकरी टम्म फुगायची, बाजूला बोंबलाचं कालवण रटरटायचं, आमसूल घातलेलं, आणि लांबून रेवसच्या लाँचचा भोंगा यायचा. दुपारी ओहोटी लागली की सगळा वाडा पेंगायचा. चिखलावर बगळे उभे, होड्या एका कुशीवर कललेल्या, कुठे तरी कुणी तरी जाळं विणता विणता गुणगुणतंय. त्या दुपारी आठवल्या की आजही डोळे जड होतात. माझं सगळं शिक्षण त्या गुंगीतच झालं असं म्हटलं तरी चालेल.

भावांचे ते रकाने मला आधी मुळीच कळत नव्हते. पण आकडे रोज थोडे चढतात, थोडे उतरतात, एवढं दिसत होतं; आणि खाडीवर जन्मलेल्या पोरीला चढणं-उतरणं कुणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाण्याचं गणित येतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी. मी ठरवून टाकलं की बाजारालाही तिथी असणार. भिंतीवरचं पंचांगाचं कॅलेंडर खाली उतरवलं, पडवीत पानं पसरली आणि कुठल्या पौर्णिमेला भाव वर गेले ते बघत बसले. एकदा जमलं. दुसऱ्यांदाही थोडंफार जमलं. मग काय, मी हवेत. हा शोध घेऊन भानूशेठकडे पळत गेले, तर तो इतका हसला की त्याची कवळी हलली. "दरियाने चांदो खेंचे छे," तो म्हणाला, "बजारला कोण खेचणार, बेन? माणसं. आणि माणसाला तिथी नाय." मी हिरमुसले. माझा पडलेला चेहरा बघून त्यानं हातावर खारी बिस्किट ठेवलं आणि समोरच्या पोत्यावर बसायला सांगितलं. "असं नई शिकायचं. आधी जुनी गोष्ट ऐक."

अशी माझी शाळा सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. भानूशेठ पंख्याच्या वाऱ्याला पाठ करून बसायचा आणि गोष्टी सांगायचा. मुंबईत दलालांना बसायला जागा नव्हती तेव्हा ते वडाच्या झाडाखाली जमत. माणसं वाढली की त्या झाडाखालून उठून दुसऱ्या झाडाखाली जात, तिथूनही हुसकावलं की तिसऱ्या. मी मुंबई फार पाहिलेली नव्हती, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर यायचा तो आमच्या बंदरावरचा वड. पांढरे अंगरखे, लाल पगड्या घातलेली माणसं त्याच्या पारंब्या बाजूला सारत एकमेकांना भाव ओरडून सांगतायत, आमच्या बायका माशांच्या लिलावाला ओरडतात तशा. मग तो कापसाची गोष्ट सांगायचा. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इतका पैसा आला की ठेवायचा कुठे कळेना. लोकांनी कंपन्या काढल्या. एक तर समुद्र बुजवून जमीन करायची कंपनी. तिच्या शेअरसाठी शेठ, नोकर, भटजी, सगळे वेडे झाले. मग लढाई थांबली, कापूस पडला, आणि कालचे शेठ आज घरात तोंड लपवून बसले.

ही गोष्ट मी रात्री जेवताना आत्याला सांगितली. तिचा घास हातातच राहिला. "समुद्र बुजवाया निगाले? आनि लोकांनी त्याला पैसं दिलं?"

"दिले की."

"समिंदराला इचारलं व्हतं का कुनी?" असं म्हणून ती इतकी हसली की बाबाही हसायला लागले. पुढे कित्येक दिवस वाड्यात कुणी बढाई मारली की आत्या म्हणायची, "व्हय रं, समिंदर बुजवायला चाललास जनू." आज मांडव्याला मोटारी पोटात घेऊन येणारी मोठी बोट लागते, आणि आमच्या खाडीच्या काठानं भराव टाकून बंगल्यांच्या भिंती उभ्या राहिल्यात. आत्या असती तर हसली असती का, कोण जाणे.

आता आत्या या भानगडीत कशी पडली ते सांगायला हवं. जाळ्यांचा नायलॉनचा दोरा करणाऱ्या एका कंपनीनं सर्वसामान्यांसाठी शेअर काढले. बाबांचं जाळं त्याच दोऱ्याचं होतं. भानूशेठनं आत्याला समजावलं, "शेअर एटले भाग. तुमच्या होडीत वाटा असतो ना, तसा." झालं. त्या एका शब्दानं सगळं ठरलं. आमच्यात मासळीचा पैसा वाट्यांनी वाटतात. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, सुकाणू धरून होडी चालवणाऱ्या तांडेलाचा दुप्पट, आणि प्रत्येक खलाशाचा एकेक. पण वाटा म्हणजे नुसता पैसा नव्हे. होडी चिखलात रुतली तर वाटेकऱ्यानं खांदा द्यायचा, जाळं फाटलं तर बसून विणायचं, आणि हंगाम वाईट गेला म्हणून तोंड फिरवायचं नाही. आत्यानं साठवलेले पैसे त्या कंपनीत घातले ते या समजुतीनं. कागद आले तेव्हा तिनं हळदकुंकू लावून देवाच्या फोटोमागे ठेवले. त्या दिवसापासून ती वाटेकरीण झाली. किनाऱ्यावर कुणी त्या कंपनीच्या दोऱ्याला नावं ठेवली की कंबर कसून भांडायला उभी. वर्षाला इंग्रजी पुस्तक यायचं, ते मी तिला जमेल तसं वाचून दाखवायची, आणि तिचा प्रश्न ठरलेला: "कामाला मानसं किती? त्यांना सनाला काय देतात?" पुस्तकात ते कधीच नसायचं. "मग काय लिवलंय एवढं?" असं म्हणून ती वैतागायची.

आणि मग ते वर्ष आलं. बाजार असा चढायला लागला की आमच्यासारख्या गावातही कळलं. एस.टी.चा कंडक्टर तिकिटं फाडता फाडता शेअरचं बोलायचा. दवाखान्यातला कंपाउंडर गोळ्या मोजताना बोलायचा. आमच्या शाळेचे सर, ज्यांनी आयुष्यभर आम्हाला काटकसर शिकवली, ते बायकोच्या पाटल्या मोडून शेअर घेऊन बसले. आत्याच्या कागदांचा भाव तर इतका चढला की तेवढ्यात होडीला नवं इंजिन आलं असतं. आणि इंजिनाची गरज नुसती गरज नव्हती, गळ्याशी आलेली होती. बाबांचं जुनं इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकायचं. एकदा ते खाडीच्या तोंडावर बंद पडलं, भरतीनं होडी खडकांकडे ओढली, आणि दुसऱ्या होडीनं दोर टाकला म्हणून बाबा घरी आले. मेकॅनिकनं हात जोडले होते. नारळी पौर्णिमेला हंगाम सुरू होणार, तोवर नवं इंजिन बसलं नाही तर होडी किनाऱ्यावर आणि बाबा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. बाबा तांडेल होते. त्यांचा बापही तांडेल. ते संध्याकाळी जाऊन रिकाम्या होडीत एकटेच बसत.

मला तर दिवसाढवळ्या ती कापसाची गोष्ट दिसत होती. सरांनी पाटल्या मोडल्या तेव्हाच मला वाटलं, हे तेच; नुसते अंगरखे गेलेत आणि बुशशर्ट आलेत. मी भानूशेठला म्हटलं, "शेठ, हे पडणार ना? तुम्हीच सांगितलंत." आणि ज्या माणसानं मला वडापासून सगळा इतिहास शिकवला होता तो डोळे मोठे करून म्हणाला, "आ वखते जुदी वात छे, बेन." या वेळची गोष्ट वेगळी आहे म्हणे! पुढे मी स्वतः थोडेथोडे शेअर घ्यायला लागले, त्याला आता आयुष्य झालं. किती तेज्या पाहिल्या, किती मंद्या सोसल्या, आणि दर तेजीत कुणी तरी शहाणा माणूस हेच वाक्य अगदी याच डोळ्यांनी म्हणतो. हल्ली मोबाइलवर म्हणतात, एवढाच फरक. मी ऐकते आणि मान डोलावते. त्या दिवशी मात्र मला भानूशेठची भीती वाटली, आणि घरी जाऊन मी आत्याच्या मागे लागले. विक. आत्ताच विक. बाबांचं इंजिन घे.

आत्या दोन दिवस फोटोमागचे कागद काढून बघायची आणि पुन्हा ठेवायची. तिला भाव कळत नव्हता असं नाही. अलिबागच्या बाजारात तिच्याशी घासाघीस करून जिंकलेलं माणूस माझ्या पाहण्यात नाही. आणि बाबांवर तर तिचा जीव. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सोडते वाटा. काशाला इंजिन पायजेच. पन सोडायचा तर रीतीनं सोडायचा." ही रीत अशी. होडीतला वाटा सोडायचा असेल तर वाटेकऱ्यानं हंगामाआधी नारळ घेऊन तांडेलाच्या घरी जायचं. तांडेलानं नारळ आत घेतला, फोडला आणि अर्धी कवड परत दिली, की वाटा सुटला. मनात किल्मिष नाही. पण त्यानं नारळ तसाच, अख्खा, तुमच्या हातात परत ठेवला, तर त्याचा अर्थ, अजून तुझी गरज आहे, जाऊ नकोस. मग जाता येत नाही. जाणाऱ्याला कुणी अडवत नाही म्हणा, पण पुढे त्याला किनाऱ्यावर कुणी होडीत बोलावत नाही. बाबांनीच एकदा पांडू नावाच्या त्यांच्या खलाशाचा नारळ परत दिला होता. पांडूला दुसरीकडे जास्त मिळत होतं, तरी बिचारा राहिला. "मग आपल्या कंपनीचा तांडेल कोन? त्याच्याकडं जायचं," आत्या म्हणाली. मी खूप समजावलं की शेअर असे सोडत नसतात, दलालाकडे कागद दिले की काम होतं. "ज्याच्यासंगं वाटा केला त्याला तोंड न दाखवता पळायचं? चोर हाय का मी?" हल्ली मी विकते तेव्हा मोबाइलच्या काचेवर अंगठा टेकवते आणि चहा ढवळायला लागते. कुणाला तोंड दाखवायचं नसतं.

योगायोगानं आषाढातच कंपनीची वार्षिक सभा होती, भागधारकांना बोलावणं होतं. मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद, म्हणून आम्ही रेवसहून भाऊच्या धक्क्याला गेलो. आत्यानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोलीची वेणी, नवरा गेला तरी फुलं तिनं सोडली नव्हती, आणि मांडीवर पिशवीत निवडून घेतलेला नारळ. समुद्र करडा, आकाश करडं, मधेच कुठे ऊन पडलं की पाण्याचा एक तुकडा उजळायचा आणि विझायचा. लाँचच्या इंजिनाच्या घरघरीत मला डुलकी लागली, आणि त्या डुलकीत मी पांढरे अंगरखेवाले दलाल पाण्यावरून चालत झाड शोधताना पाहिले. आत्यानं कोपरानं ढोसलं. "उठ. आलं."

सभेचा हॉल थंडगार होता. मऊ लाल खुर्च्या, वर फिरणारे पांढरे पंखे, दाराशी ओळीनं मांडलेली फराळाची पाकिटं. अर्धे भागधारक पाकिटांसाठीच आले होते हे मला लगेच कळलं. एका गृहस्थांनी तर दोन पाकिटं घेतली आणि तिसरं नाही मिळालं म्हणून भांडण काढलं. व्यासपीठावर मधोमध अध्यक्ष बसले होते, पिकलेल्या केसांचे, सोनेरी काड्यांचा चष्मा लावलेले. ते इंग्रजीत बोलत होते, आवाज मवाळ, आणि मला त्यातलं निम्मंच समजत होतं. आत्याला काहीच नाही. पण ती सगळा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मग प्रश्न विचारायला सांगितलं. चहा गार होता, मागच्या वर्षी भेटवस्तू होती, यंदा का नाही, असे प्रश्न झाले. आणि मी 'आत्या, थांब' म्हणेपर्यंत ती पिशवी घेऊन उठली आणि मधल्या वाटेनं सरळ चालायला लागली.

हॉलमध्ये कुजबुज झाली, मग हसू. एक पोऱ्या तिला अडवायला पुढे झाला, पण अध्यक्षांनी हातानं त्याला थांबवलं. ते चक्क उठून उभे राहिले. आत्या व्यासपीठाच्या पायरीशी थांबली, डोईवरचा पदर नीट केला, आणि पिशवीतून नारळ काढून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "दादा," ती म्हणाली, "भावाला इंजिन पायजे. म्हनून आलंय." पुढचं तिला सुचलं नाही, आमच्यात पुढचं बोलावं लागतच नाही. अध्यक्षांना काय कळलं देव जाणे. त्यांनी वाकून नारळ घेतला, डोळे मिटून कपाळाला लावला, मिनिटभर तसाच धरला. मग दोन पायऱ्या उतरून तो अख्खा नारळ त्यांनी आत्याच्या ओंजळीत परत ठेवला, हात जोडले आणि तुटक मराठीत म्हणाले, "मावशी, तुमचा आशीर्वाद पाहिजे. असाच राहू द्या." टाळ्या वाजल्या. कुणी तरी फोटो काढला. त्या सबंध हॉलमध्ये त्या क्षणी काय झालं ते आत्याला आणि मला, दोघींनाच ठाऊक होतं.

आत्या परत येऊन बसली. तिच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आनंदही होता त्यात, कुणी आपल्याला अडवून धरल्याचा. आणि कुणी तरी पाठीत धपाटा मारावा तशी कळही. नारळ तिनं पदराखाली घेतला. फराळाचं पाकीट मी घेतलं, तिनं घेतलं नाही.

परतीच्या लाँचवर माझा धीर सुटला. मी म्हटलं, "आत्या, ऐक. शहरात नारळ दिला की लोक कपाळाला लावून परत देतात. मान द्यायची पद्धत आहे ती. त्या माणसाला आपली रीत ठाऊक नाही. तो तुला थांब म्हणाला नाही. तू आशीर्वाद द्यायला आलीस असं वाटलं त्याला."

"व्हय," आत्या म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती. "मला बी तसंच वाटलं."

मी चक्रावले. "मग? उद्या विकूया ना!"

"त्याला ठाव नसंल, पोरी. मला तर ठाव हाय ना."

मला तिचा असा राग आला की रडू फुटलं, आणि माझं रडणं बघून तिनं शेजारच्या बाईकडून भाजलेले शेंगदाणे मागून माझ्या हातावर ठेवले. त्या रागासकट मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसले. आज तिच्या वयाला पोचून ते दाणे आठवते तेव्हा राग कुठे सापडत नाही; नुसतं तिच्या खांद्याला लागलेली अबोली आणि मिठाचा वास.

बाबा रेवसच्या जेटीवर छत्री घेऊन उभे होते. आत्यानं त्यांना सरळ सांगितलं, "काशा, नारळ परत आला रं." मी मध्ये तोंड घालून शहरातली पद्धत, गैरसमज, सगळं भडाभडा सांगितलं. बाबांनी दोघींचं ऐकून घेतलं. त्यांना हो म्हणणं किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही. ज्यानं स्वतः पांडूचा नारळ परत देऊन त्याला अडवून धरलं होतं, तो दुसरं काय म्हणणार होता? "मग ऱ्हायलं," ते म्हणाले. आत्याच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि आम्ही एस.टी.कडे चालायला लागलो.

बाजार त्याच महिन्यात फिरला. आधी हळू, मग धडाधड. कंडक्टर पुन्हा नुसती तिकिटं फाडायला लागला. सरांनी लोकांत मिसळणं सोडलं. भानूशेठ पेपर उघडायचा, मिटायचा, आणि मला म्हणायचा, "भाव भगवान छे, बेन," आणि मग दुकानातली तराजू उगाच पुसत बसायचा. दोरा करणाऱ्या त्या कंपनीचं तर काही विचारू नका. तिनं डोक्यावर कर्ज घेऊन नवी गिरणी उभारायला घेतली होती, ती अर्ध्यात अडकली आणि भाव रोज खाली. माझं सगळं खरं ठरलं होतं. इतिहासाप्रमाणे, अगदी भानूशेठनं शिकवलेल्या क्रमानं. खरं ठरल्याचा आनंद होतो म्हणतात. मला झाला नाही.

नारळी पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला होड्या निघाल्या. बाबा पांडूच्या होडीवर चालले होते. एके काळी त्यांच्या हाताखाली शिकलेला, पुढच्या एका हंगामाला रीतीनं वाटा सोडून गेलेला पांडू आता स्वतःच्या होडीचा तांडेल झाला होता. त्यानं आदल्या दिवशी घरी येऊन, "काका, या माज्यासंगं," असं मान खाली घालून विचारलं होतं. आत्या बाबांना पोचवायला किनाऱ्यावर कधी जायची नाही. त्या दिवशी टोपली कमरेवर घेऊन आली. बाबा पाण्यातून चालत गेले, होडीवर चढले आणि पुढे नाळेशी, खलाशांत जाऊन बसले. पांडू सुकाण्याशी होता. बाबांना तिथे बसलेलं बघून तो एकदम उठला. "काका, तुमी या हितं. माज्यानं न्हाय बसवत."

"खाली बस," बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण किनाऱ्यापर्यंत ऐकू आलं. "तांडेल उठला की व्होडी फिरते." पांडू बसला. इंजिन सुरू झालं, त्याचं चांगलं होतं, एका खेचीत, आणि होडी खाडीच्या तोंडाकडे गेली. बाबांची पाठ आमच्याकडे होती. आत्या मोठ्यानं रडायला लागली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं, तिच्या नवऱ्याच्या वेळीसुद्धा नाही. "इंजिन घ्याया पायजे व्हतं गं," ती म्हणाली. "माज्या काशाला म्होरं बसवलं मी."

मला वाटलं, आता वेळ आहे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "आत्या, अजून विकता येतील. इंजिन नाही यायचं, पण जुनं दुरुस्त होईल तेवढे तरी येतील. सगळे विकतायत. आज कुणी नाव नाही ठेवणार."

तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही तरी भलतंच बोलले होते.

"आता? आता तर मुळीच न्हाय," ती म्हणाली. "समदे सोडून गेले. आता त्यांचं कोन हाय?"

आणि टोपली डोक्यावर ठेवून ती अलिबागच्या एस.टी.ला निघाली.